बिऱ्हाडकरू ठेवताना

घर भाड्यानं देणं हा पुरुषांचा व्यवहार आहे, असं आपण अजूनही म्हणतो. करारावर सही यजमानांची, भाडं ठरवायला बैठकीत बसणार ते, आणि 'आमचे भाडेकरू' असं चारचौघांत सांगणारही तेच. पण मैत्रिणींनो, खरं सांगा, "वहिनी, मोरी तुंबलीय" ही हाक कुणाच्या नावानं येते? पंप कुणी चालू करायचा, खालच्या मुलांनी भिंतीवर चेंडू आपटला तर गोडीत कुणी समजावायचं, आणि बिऱ्हाड गेल्यावर ओट्याखालचा तेलकट थर कुणी खरवडायचा? सातबारा, उतारा कुणाच्याही नावावर असो, घरमालकिणीचं काम आपल्याच पदरात पडलेलं असतं.

म्हणून आज याच विषयावर तुमच्याशी थोडं बोलावंसं वाटलं. दहा-वीस खोल्या भाड्यानं देणाऱ्या मालकांसाठी हे लिहिणं नाही. वर स्वतः राहून खालच्या दोन खोल्या देणाऱ्या, मुलगा परगावी गेल्यावर त्याचा फ्लॅट रिकामा पडू नये म्हणून देणाऱ्या, किंवा नवऱ्याच्या माघारी त्याच भाड्यावर औषधपाणी भागवणाऱ्या तुमच्या-माझ्यासारख्यांसाठी आहे. अशा घरात दोन महिने भाडं थकलं की किराणा उधारीवर येतो. आणि जाताना बिऱ्हाडानं एखादी भिंत खराब करून ठेवली, की वर्षभराची शिल्लक गवंड्याच्या हाती जाते. मोठ्या मालकाला हे नुकसान हिशेबाच्या वहीत दिसतं, आपल्याला ते ताटात दिसतं.

आमचं घर सांगलीत. वर आम्ही, खाली दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मागं मोरी. सासरे गेल्यावर खालची जागा भाड्यानं द्यायला सासूबाईंनी सुरुवात केली. त्या चौथी शिकलेल्या. पण त्यांची एक लाल कापडी पुठ्ठ्याची वही होती. नवं बिऱ्हाड यायच्या आदल्या दिवशी त्या खाली जात आणि दारापासून सुरुवात करून एकेक वस्तू वहीत उतरवत. 'पितळी नळ ३, पैकी मोरीतला सैल. खिडकीच्या काचा ८, एक तडकलेली, आमच्या वेळेपासून. ओट्याचा कडाप्पा अखंड. कडीकोयंडे ४, सर्व चालू.' मग येणाऱ्या बाईला बरोबर घेऊन तीच यादी पुन्हा वाचायची आणि खाली तिची सही घ्यायची. सही येत नसेल तर अंगठा. मला त्या वहीतले 'आमच्या वेळेपासून' हे शब्द फार आवडायचे. आपल्या घरातला दोष आपणच आधी लिहून ठेवायचा, म्हणजे पुढं कुणाच्या माथी तो मारला जाणार नाही, हा न्याय त्यांना कुणी शिकवला नव्हता.

तरी सासूबाईंच्या पिढीतल्या मालकिणी भाडेकरूला भ्यायच्या, आणि त्याला कारण होतं. मुंबईचा भाडे नियंत्रण कायदा १९४७ सालचा. तो जिथं जिथं लागू होता, तिथं भाडं गोठलं आणि भाडेकरूला उठवणं अवघड झालं. मग लोकांनी तोड काढली ती परवानगीच्या कराराची, ज्याला आपण 'लिव्ह अँड लायसन्स' म्हणतो. पण १९७३ साली दुरुस्ती होऊन १ फेब्रुवारी १९७३ रोजी अशा चालू करारावर राहणाऱ्यांनाही भाडेकरूचं संरक्षण मिळालं. राहणाऱ्यांना तो मोठाच आधार होता, यात शंका नाही. मालकांनी मात्र धसका घेतला. खोलीला कुलूप घालू पण बिऱ्हाड ठेवणार नाही, असं म्हणणारी किती तरी घरं तेव्हा होती. 'भाडेकरू घर बळकावतो' हे वाक्य आपण आजही उच्चारतो, ते त्या काळातून आलेलं आहे.

आज स्थिती वेगळी आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ चा, तो ३१ मार्च २००० पासून अमलात आला. परवानगीच्या कराराची मुदत संपली की राहणाऱ्यानं जागा सोडायची, असं त्याच्या चोविसाव्या कलमात आहे. राहत्या घराच्या बाबतीत तो हलत नसेल तर सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो, आणि मुदत संपल्यानंतरच्या दिवसांसाठी ठरलेल्या रकमेच्या दुप्पट भरपाई त्याला द्यावी लागते. पण या सगळ्याचा उपयोग करार कागदावर असेल तरच. पंचावन्नावं कलम सांगतं की करार लेखी हवा, नोंदवलेला हवा, आणि नोंदवण्याची जबाबदारी मालकाची. नोंदवला नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, लेखी करार नसेल तर अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल ते खरं धरलं जातं. तसं नव्हतं हे आपण सिद्ध करायचं.

इथं एक गैरसमज दूर करते. 'अकरा महिन्यांचा करार केला की नोंदणी लागत नाही' असं शेजारणीपासून एजंटापर्यंत सगळे सांगतात. १९०८ च्या नोंदणी कायद्यात एक वर्षाहून जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याला नोंदणी सक्तीची आहे, त्यावरून ही समजूत पसरली. पण आपल्या राज्याच्या कायद्यात अशी सूट नाही. करार अकरा महिन्यांचा असो की तीन वर्षांचा, नोंदवायचाच. आता हे काम संगणकावरूनही होतं. ठसे घ्यायला माणूस घरी येतो, त्यामुळे कचेरीत खेटे घालावे लागत नाहीत.

कागद झाला. आता माणूस कसा निवडायचा? आपल्याकडे पहिला प्रश्न असतो, "आडनाव काय?" दुसरा, "खाणंपिणं काय?" आणि एकटी बाई असेल तर तिसरा, डोळे बारीक करून, "मिस्टर कुठं असतात?" या प्रश्नांनी घर सुरक्षित राहतं, असं आपल्याला वाटतं. मी इतकंच सांगते, मटणाचा रस्सा शिजवल्यानं फरशी उचकटलेली मी अजून पाहिलेली नाही. ओट्यावर नारळ फोडून कडाप्पा तडकलेला मात्र पाहिला आहे, आणि तो नारळ सत्यनारायणाचा होता.

ते बिऱ्हाड आलं होतं यांच्या एका स्नेह्याच्या शिफारशीनं. गृहस्थ एका बँकेत, बाई शांत, दोन मुलं शाळेत जाणारी. भाडं पाच तारखेच्या आत. दारात रोज रांगोळी. तीन वर्षं कधी आवाज वर आला नाही. २०१६ साली त्यांची बदली झाली. ट्रक भरला आणि रिकामं घर पाहायला मी वही घेऊन खाली उतरले. कडाप्पा मधोमध तडकलेला. मोरीच्या सहा टाइल्सना हुकांसाठी भोकं पाडलेली. हे दिसण्यातलं होतं. पण धुण्याचं यंत्र जिथं होतं तिथली भिंत हाताला ओली लागली. बोटानं दाबली तर गिलावा भाकरीसारखा सुटून आला. वर मीठ फुटलेलं, खाली दाराच्या चौकटीचा पाय फुगलेला. नळाच्या जोडातून पाणी झिरपत होतं, आणि ते काही कालपासून नव्हे. प्लंबर म्हणाला, "वहिनी, सात-आठ महिन्यांचं काम आहे हे. तेव्हाच सांगितलं असतं तर चारशे रुपयांत झालं असतं."

डिपॉझिट होतं ३०,००० रुपये. यजमान, ते गृहस्थ आणि मी, तिघं वरच्या खोलीत बसलो. आवाज चढायला लागले. "तीन वर्षं राहिलो, रंग उडणारच, वस्तू झिजणारच!" ते म्हणाले. मी वही उघडून मध्ये ठेवली. रंगाचं त्यांचं म्हणणं बरोबर होतं, रंगाचा एक पैसाही आम्ही धरला नाही. खिळ्यांची बारीक भोकं, दाराच्या कडीजवळचा काळपटपणा, यजमान एरवी ज्यावर अडून बसले असते ते सगळं वहीकडे बघत आम्ही सोडून दिलं. नळाचा जोड जुना होता, त्याचे चारशे आमचे. पण 'कडाप्पा अखंड' या नोंदीखाली त्यांच्या बाईंची सही होती. कडाप्प्याचे ३,५००, टाइल्सचे १,५०० आणि गिलाव्याचे ९,००० धरले, उरलेले १६,००० त्याच बैठकीत परत केले. गृहस्थ निरोप न घेता जिना उतरले.

किल्ल्या द्यायला बाई मागं राहिल्या होत्या. स्वयंपाकघराच्या दारात त्या मला हळूच म्हणाल्या, "वहिनी, ओल मला दिवाळीतच दिसली होती. मी सांगायला निघाले होते, पण हे म्हणाले, सांगितलंस तर डिपॉझिटमधून कापतील, जाईपर्यंत कपाट लाव तिथं." आणि त्यांचे डोळे भरून आले. दिवाळीपासून उन्हाळ्यापर्यंत ती बाई रोज त्या कपाटाकडे बघत स्वयंपाक करत होती.

मैत्रिणींनो, हे मी का सांगते? भाडेकरूनं केलेलं नुकसान म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढं दारू पिऊन काचा फोडणारा माणूस येतो. तसेही असतात, नाही असं नाही. पण आमच्या वहीत नुकसानीच्या जितक्या नोंदी आहेत, त्यांतल्या बहुतेक अशा गप्प बसण्यातून झालेल्या आहेत. गळका जोड, तुंबलेली जाळी, चौकटीच्या कोपऱ्यात दिसलेली वाळवीची मातीची रेघ. पहिल्या आठवड्यात शंभर-दोनशेत भागणारी कामं. भाडेकरू ती लपवतो, कारण सांगितलं तर पैसे जातील असं त्याला वाटतं. आणि हे दिसतं कुणाला? ओट्यापाशी उभी असते तिला. म्हणून बिऱ्हाड निवडताना माझा एकच शोध असतो. हे माणूस बिघडलेलं सांगणारं आहे का? आणि आपल्या बाजूनं, सांगितलं तर आपण अंगावर जाणार नाही, हे त्याला कळलं पाहिजे.

पहिली गोष्ट कशी ओळखायची? घर बघायला आले की नवऱ्याबरोबर घर वापरणाऱ्या बाईलाही यायला सांगा. नुसतं 'छान आहे' म्हणणारीपेक्षा नळ सोडून बघणारी, पाण्याचा मुख्य कॉक कुठं आहे विचारणारी बाई मला बरी वाटते. आधीच्या दोन घरांचे पत्ते मागून घ्या आणि फोन शक्यतो आधीच्याही आधीच्या मालकिणीला करा. सध्याच्या मालकाला बिऱ्हाड नको झालं असेल तर तो तोंडभरून स्तुती करील! तिला तीन गोष्टी विचारा. भाडं वेळेवर होतं का, जाताना घर कसं होतं, आणि त्यांनाच पुन्हा जागा द्याल का? तिसऱ्या प्रश्नाला ती किती वेळ थांबते, त्यावरून पुष्कळ कळतं. नोकरीचा, पगाराचा कागद बघायला संकोच करू नका. भाडं मिळकतीच्या तिसऱ्या हिश्शाहून जास्त होत असेल तर पुढं ओढाताण ठरलेली. ओळखपत्राची प्रत घ्या आणि भाडेकरूची माहिती पोलिसांकडे द्या. अनेक शहरांत पोलीस आयुक्तांचे तसे आदेश असतात आणि न दिल्यास मालकावर कारवाई होते. त्यात भाडेकरूचा अपमान नाही, हे त्याला आधीच नीट सांगावं. जागा सोसायटीत असेल तर सोसायटीला करार कळवायचा. बिनवापर शुल्क म्हणून सोसायटी मागेल ती रक्कम सेवा शुल्काच्या १० टक्क्यांहून जास्त नसावी, असा शासनाचा १ ऑगस्ट २००१ चा आदेश आहे.

बँकवाले गेल्यावर जागेसाठी आली ती एक नर्स. वय पस्तिशीचं, बरोबर म्हातारी आई. समोरच्या काकूंनी मला लगेच बोलावून घेतलं. "एकटी बाई, रात्री-अपरात्री येणार-जाणार. नसती आफत." रात्रपाळीची नर्स रात्रीच जाणार ना! मी तिच्या आधीच्या मिरजेतल्या मालकिणीला फोन केला. तिसरा प्रश्न विचारल्यावर ती हसली. "देईन की. फक्त एक सांगते, नळ टपकायला लागला की पहिल्या दिवशी सांगायची. मला कंटाळा यायचा!" मला जे हवं होतं ते ऐकायला मिळालं होतं.

या वेळी करारात आम्ही दोन ओळी जास्त घातल्या. बिघाड दिसल्यापासून तीन दिवसांत कळवला तर त्यातून वाढणारा खर्च मालकाचा. माहीत असून कळवला नाही तर वाढलेला खर्च राहणाऱ्याचा. कामांची वाटणीही लिहिली. केंद्र सरकारनं २०२१ मध्ये राज्यांसाठी जो आदर्श भाडे कायदा मंजूर केला, त्यात ही वाटणी अगदी आपल्या घरातल्यासारखी केलेली पुढं वाचायला मिळाली. भिंतींचा रंग, दारं-खिडक्यांचा रंग, पाण्याचे नळ (म्हणजे पाइप) बदलणं आणि विजेचं वायरिंग मालकाकडे. तोट्या आणि त्यांचे वायसर, गटाराची सफाई, बेसिन आणि गीझरची दुरुस्ती, बटणं आणि सॉकेट, कडीकुलपं, खिडकीच्या काचा आणि जाळ्या भाडेकरूकडे. राज्यानं स्वीकारल्याशिवाय तो कायदा लागू होत नाही. पण ही यादी आपल्या करारात उतरवून घ्यायला कुणाची हरकत असणार? राहत्या घराचं डिपॉझिट दोन महिन्यांच्या भाड्याहून जास्त नसावं, असंही त्यात आहे.

नर्स राहायला आली त्याला तीन महिने झाले असतील. एका संध्याकाळी ती कामावर जायच्या घाईत वर आली. चेहरा उतरलेला. "काकू, इस्त्री फळीवर राहिली. सनमायका जळला." खाली जाऊन पाहिलं तर इस्त्रीच्या आकाराचा तपकिरी डाग. "सुतार मीच बोलावते," ती म्हणाली. सहाशे रुपये खर्च आला, तो तिनं दिला. आणि मी चहा टाकला. त्या चहानंतर मला खालच्या घराची कधी काळजी वाटली नाही. जाळी तुंबली की निरोप, ओलीचा डाग रुपयाएवढा दिसला की निरोप. आईला दिसायचं कमी, तरी त्या भिंतीवरून हात फिरवून सांगायच्या, "इथं गार लागतंय हो."

पुढं २०१९ चा ऑगस्ट आला. कृष्णेचं पाणी सांगलीत शिरलं. तुम्ही तेव्हाची चित्रं पाहिली असतील. आमच्या खालच्या खोल्यांत पाणी भरायला लागलं तशी त्या दोघी गादी, देव आणि औषधांची पिशवी घेऊन वर आल्या. पाणी ओसरल्यावर खाली गेलो तर भिंतींवर गुडघ्याच्या वर चिखलाची सरळ रेघ, दारं फुगलेली, ओट्याखाली गाळ. आमची दारं गेली, तिचं कपाट आणि धान्य गेलं. काही ठिकाणी मालक त्या दिवसांतही पूर्ण भाडं मागत होते आणि डिपॉझिटमधून दारांचे पैसे कापायच्या गोष्टी करत होते, असं कानावर आलं. १८८२ चा मालमत्ता हस्तांतरणाचा कायदा भाडेपट्ट्याबाबत सांगतो, की भाडेकरूनं जागा घेतली तशी परत करावी. मात्र रीतसर वापरानं होणारी झीज आणि माणसाला न रोखता येणारी शक्ती यांनी झालेला बदल त्याला लागू नाही. परवानगीच्या करारातही हेच शब्द लिहून घ्यावेत. पुराची भिंत तिच्या माथी मारायचा प्रश्नच नव्हता. घर राहण्याजोगं होईपर्यंत दीड महिना आम्ही भाडं घेतलं नाही. ते दीड महिने आम्हाला जड गेले, हे लपवण्यात अर्थ नाही. पण गाळ काढायला ती पाळी संपवून थेट खाली यायची आणि पदर खोचून माझ्या शेजारी खराटा मारायची. २०२० च्या जानेवारीत तिची बदली झाली, तेव्हा डिपॉझिट पुरतं परत गेलं. वहीतल्या त्या पानावर इस्त्रीच्या डागाची नोंद आहे आणि पुढं 'भरून दिले' असे शब्द.

झीज आणि नुकसान यांत भांडण होतं ते बहुधा रंगावरून. त्याचा एक सोपा हिशेब सांगते. समजा, रंगाला १२,००० रुपये लागले आणि तो पाच वर्षं टिकेल असं धरलं. बिऱ्हाडाच्या मुलांनी भिंती रंगीत खडूंनी पार बिघडवल्या, पण तोवर रंगाला चार वर्षं होऊन गेली होती. मग उरलेल्या एका वर्षाचे, म्हणजे २,४०० रुपयेच मागावेत. पूर्ण बारा हजार मागणं म्हणजे जुन्या लुगड्याच्या बदल्यात नवी पैठणी मागण्यासारखं आहे. उलट रंग नुकताच दिलेला असेल तर रक्कम जास्त होईल. हा हिशेब कराराच्या दिवशीच समजावून सांगितला तर जाताना तोंडं वाकडी होत नाहीत.

आता चार गोष्टी करू नयेत अशा. भाडं थकलं किंवा भांडण झालं की शेजारीपाजारी सल्ला देतात, "पाणी तोडा, मीटर बंद करा, बघा कसे पळतात." हे अजिबात करू नका. अत्यावश्यक सोयी तोडायला भाडे नियंत्रण कायद्याच्या एकोणतिसाव्या कलमानं मनाई आहे आणि तो गुन्हा ठरतो. आपली बाजू खरी असून आपणच आरोपी होऊ. ते नसताना कुलूप बदलू नका. दुसरी किल्ली आपल्याकडे असली तरी सांगितल्याशिवाय आत जाऊ नका. तिचं स्वयंपाकघर आता तिचं आहे. रोख भाडं घेतलं तर पावतीशिवाय घेऊ नका. आणि दुरुस्तीला आलेल्या माणसासमोर भाडेकरणीला बोलू नका. पुढच्या वेळी ती सांगायला येणार नाही.

बिऱ्हाड आलेल्या दिवशी तिला बरोबर घेऊन घरभर एकदा फिरायला मात्र विसरू नका. मेन स्विच, पाण्याचा कॉक, जाळी उचलायची कशी, हे दाखवा. न्हाणीघरात गॅसचा गीझर असेल तर हवेची झडप थंडीतही कागदानं बुजवायची नाही, हे दोनदा सांगा. त्या बंद हवेत वास न येणारा विषारी वायू साठून माणसं दगावतात. विजेच्या मीटरचा आकडा लिहून घ्या. आता मोबाइलवर फोटो काढता येतात, ते दोघींनी आपापल्याकडे ठेवावेत, तारखेसकट. पण फोटोत सैल नळ दिसत नाही आणि दार अडकतं ते कळत नाही, म्हणून वही हवीच. आणि दर सहा महिन्यांनी, आधी सांगून, दोघींनी मिळून पुन्हा एक फेरी मारावी. पंधरा मिनिटांचं काम.

आमच्याकडे सध्या वही तिसरी चालू आहे. करारावर सही यांची असते, ते ठीक. जागा त्यांच्या नावावर आहे. यादीखाली मात्र दोन सह्या असतात, एक माझी आणि एक खाली राहायला येणारीची. नवरा आला आणि म्हणाला, "आणा, मीच करतो," तर मी हसून सांगते, "भाऊ, ओट्यापाशी उभं कोण राहणार? तिलाच करू द्या." ती सही करते, वाचून करते, आणि दहापैकी नऊ वेळा मान वर करून विचारते, "वहिनी, मोरीतला नळ थोडा गळतोय, हे लिहिलंय का?"

लिहून घ्या. आणि प्लंबरला त्याच दिवशी बोलवा.